मुकुंदवाडी स्टेशन, फुल अहेड

"आई, टँकर आला तर आधी मोरीतलं पिंप भर, मग गॅलरीतलं... हो, आणि पाइप नीट धर. मागच्या वेळी शेजारच्या वैद्यकाकांच्या चपला वाहून गेल्या होत्या—"

हे वाक्य माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मागं एक भलंमोठं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन मुकुंदवाडी स्टेशनात उभं राहून घुमतंय आणि पुढं हा माणूस पिंप भरतोय. मला हवं होतं ते इंजिन. रविवारची सकाळ, फलाटावर चिटपाखरू नाही, मी डोळे मिटून मोबाइल इंजिनाकडं धरलेला... आणि नेमकी माझ्या खांद्यामागं येऊन याला आईला फोन करायची आठवण झाली.

मी डोळे उघडले. उंच, सावळा, दाढी दोन दिवसांची. हातात पाण्याची बाटली, त्याच्या मावशीला गाडीत बसवून देताना द्यायची राहून गेलेली.

"झालं का तुमचं?" मी विचारलं.

"मला म्हणालात?"

"नाही, इंजिनाला म्हणाले."

त्यानं माझ्या मोबाइलकडं पाहिलं, मग इंजिनाकडं. "तुम्ही... याचा आवाज रेकॉर्ड करताय?"

आता हा हसणार. सगळेच हसतात. चितेगावला माझ्या कारखान्यातली पोरं हसतात, घरी माय हसते, मैत्रिणी तर लोळून हसतात. मी तोंडात उत्तर तयार ठेवलं होतं. पण तो हसलाच नाही. मान जराशी कलती करून त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला, चहा चाखून बघावा तसा.

"टर्बोची शिट्टी मस्त आहे याची," तो म्हणाला. "पण तुम्ही उभ्या आहात पंख्यासमोर. मोबाइलमध्ये नुसता पंखा येणार. थोडं पुढं या, त्या मधल्या दारापाशी."

परक्या माणसाचं ऐकून मुकाट्यानं चालायला लागायची माझी सवय नाही. त्या दिवशी मात्र गेले. आणि खरंच, मधल्या दारापाशी पंखा मागं राहिला आणि नुसतं इंजिन कानात आलं. भरीव, सलग, एका दमातलं.

"तुम्ही रेल्वेत आहात?"

"नाही. जहाजावर. थर्ड इंजिनिअर."

आता सांगते, तो दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लागोपाठ पावसानं पाठ फिरवलेली. शहर तर चहूकडं वाढत चाललेलं, बीड बायपासला रोज नवी बिल्डिंग, आणि त्या बिल्डिंगीत नळ होते पण नळाला पाणी नव्हतं. आंघोळीचं पाणी झाडाला आणि भाजीचं पाणी फरशीला, असे दिवस. अशा गावात एक माणूस भर उन्हात उभा राहून सांगतो, मी जहाजावर असतो. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं समुद्राबद्दल विचारलं असतं.

मी विचारलं, "मेन इंजिन टू-स्ट्रोकच ना? क्रॉसहेडवालं?"

त्याच्या हातातली बाटली पडली. अगदी खरं. घरंगळत रुळांवर गेली.

"तुम्हाला क्रॉसहेड कसं माहीत? ते तर जहाजाच्या मोठ्या इंजिनातच असतं."

"त्याच्या पिस्टनच्या रिंगा मी तपासते. चितेगावला."

पुढं त्यानं मला कबूल केलं की तो त्याच वाक्याला भुलला. डोळे, केस, ओढणी, कशाला नाही. "चितेगावला" या शब्दाला.

*

माझं नाव सोनिया. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल केलं आणि पैठण रोडच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले. आमच्याकडं जहाजाच्या इंजिनांच्या पिस्टन रिंगा बनतात. लग्नातल्या परातीएवढी एकेक रिंग. ती मी मायक्रोमीटरनं मोजायची, पास करायची, खोक्यात घालून मुंबईच्या ट्रकवर चढवायची. पुढं ती कुठल्या समुद्रात जाते, तिला काय काय बघायला मिळतं, मला पत्ता नाही. तीन मजली उंच इंजिन, त्यात माझी रिंग वर-खाली... आणि मी त्याचा आवाजसुद्धा कधी ऐकलेला नाही. म्हणून मी रविवारी मुकुंदवाडी स्टेशनला जायचे. तेव्हा आमच्या लाइनवर विजेची तार आली नव्हती. कधी जुन्या फोर-स्ट्रोक जातीचं इंजिन लागायचं, ते धापा टाकत, थांबून थांबून बोलायचं. कधी नशिबानं टू-स्ट्रोक यायचं. त्याचा पिस्टन खाली येताना दर खेपेला काम करूनच येतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. जहाजाच्या इंजिनाचा हा धाकटा भाऊ. थोरला बघायला मिळत नाही, तर धाकट्यावर भागवायचं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या खेपेला मावशी नव्हती.

"कुणाला सोडायला आलात?" मी विचारलं.

"कुणाला नाही. रेकॉर्डिंगला." आणि तोंडाला कुलूप लावल्याची खूण करून तो मधल्या दारापाशी जाऊन उभा राहिला. मला हसू आवरेना. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये माझं हसणंच आहे.

विश्वजित त्याचं नाव. बीड बायपासच्या एका नव्या सोसायटीत आईबरोबर, दमयंतीकाकूंबरोबर राहायचा. जहाजावरून उतरून सुट्टीवर आला होता. स्टेशनबाहेर वच्छलाबाईंची चहाची टपरी. तिथं पाटी लावलेली, 'पाणी मागू नये.' म्हणून आम्ही चहा मागायचो, आणि मग अजून एक चहा.

"दोन चहा," मी म्हटलं.

"दोन चहा," तो म्हणाला.

"मी मागितला ना. वच्छलाबाईंना ऐकू येतं."

तो ओशाळला. "सवय आहे. जहाजावर वर ब्रिज असतो, तिथं कॅप्टन. खाली आम्ही. त्यांना आम्ही दिसत नाही, आम्हाला समुद्र दिसत नाही. मग वरून ऑर्डर आली की खालून तीच ऑर्डर जशीच्या तशी परत म्हणायची. ते म्हणाले 'स्लो अहेड', म्हणजे सावकाश पुढं, की आपण म्हणायचं 'स्लो अहेड'. उत्तर जाईपर्यंत घंटी वाजतच राहते. आणि एकदा उत्तर दिलं की मग करायचंच."

"आणि पटलं नाही तर?"

"पटणं न पटणं ड्यूटी संपल्यावर."

"बायकोला लई सोपं जाईल," मी म्हणून गेले आणि जीभ चावली.

तो चहात बघत राहिला. "बायकोला लई सोपं जाईल," तो हळूच म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून आमचा खेळच सुरू झाला. मी म्हणायचे, "बिस्कीट." तो म्हणायचा, "बिस्कीट," आणि पुडा यायचा. मी म्हणायचे, "तुम्ही नको, तू." तो म्हणायचा, "तुम्ही नको, तू." वच्छलाबाई कपाळाला हात लावायच्या. "माय माय, दोघं बी येडे. एकीचं बोलणं दोनदा ऐकावं लागतं."

मी त्याला मनात साठवलेले सगळे प्रश्न विचारून घेतले. एकदा म्हटलं, "ड्रॉइंग पाहून पाहून डोळे दुखले, पण मला तुझ्या इंजिनात रिव्हर्स गिअर सापडला नाही. जहाज मागं कसं जातं?"

"गिअर नसतोच. एवढ्या मोठ्या इंजिनाला गिअरबॉक्स कोण लावणार? आधी इंजिन पूर्ण बंद करायचं. स्टॉप. मग आतली मांडणी बदलायची आणि हवेच्या जोरावर त्याला उलट्या बाजूनं सुरू करायचं. तेच इंजिन, उलटं फिरतं."

"थांबल्याशिवाय नाही?"

"थांबल्याशिवाय नाही."

"आणि आवाज? आवाज कसा असतो?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आवाज आधी कानाला नाही, पायाला कळतो. आणि ते घाईनं फिरत नाही, सोनिया. रेल्वेचं इंजिन कितीतरी पट जोरात फिरतं. जहाजाचं फिरतं... हात दे."

मी हात दिला. त्यानं मनगटावर दोन बोटं ठेवली.

"हे असं. माणसाच्या नाडीएवढं. बस, एवढ्याच वेगानं अख्खं जहाज समुद्र ओलांडतं."

टपरीवर स्टोव्ह फरफरत होता. रस्त्यावरून एक टँकर पाणी सांडत गेला. त्याची बोटं मनगटावर होती आणि मी कुठं बघावं मला सुचेना.

"आता चुकतंय," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आता फुल अहेड झालंय."

मी हात ओढून घेतला. मग जरा वेळानं परत दिला.

*

आता अप्पांकडं येते. माझे वडील, कडुबा. आमची शेती होती त्यातली अर्धी रस्त्यात गेली, उरलेल्या अर्ध्यात त्या सालांत काही उगवत नव्हतं. अप्पांनी टँकर घेतला. पहाटे विहिरीवर लाइन लावायची आणि दिवसभर सोसायट्यांना पाणी पोचवायचं. आणि आमचं नशीब बघा, बीड बायपासच्या ज्या सोसायटीत वैद्यकाकांच्या चपला वाहून गेल्या, तिथला टँकर अप्पांचाच.

मी घरी सरळ सांगितलं. चोरून काही करायला मला जमत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

अप्पा बाजेवर बसले होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पाइप धराया खाली येतं, बाकीचे साहेबलोक वरून बघत्यात. जातीपातीचं म्हणशील तं भावकी चार दिस बोलंल अन् गप बसंल. पण दर्याचं काय? म्या जलमभर पाण्यामागं पळालो. त्यो पाण्यावर राहतो. सा-सा महिने पत्ता नाय. तू हितं वाट बघत बसशील अन् म्या तुझं तोंड बघत बसू? जमिनीवर काम धर म्हणावं. मंग म्या नाय म्हणणार नाय."

दमयंतीकाकूंकडं निराळी तऱ्हा. त्यांनी दोन दिवस मौन धरलं. पण त्या उन्हाळ्यात टँकरवाल्याशी वाकडं घ्यायची ताकद सगळ्या सोसायटीत कुणाची नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांना वर बोलावून सरबत दिलं, म्हणजे घोडं अडलं होतं ते फक्त समुद्रापाशी.

त्यात विश्वजितला कंपनीचा फोन आला. सिंगापूरला जहाज लागतंय, तयारीत राहा.

त्या रविवारी आम्ही फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. तो नव्या जहाजाबद्दल सांगत होता. इंजिन आधीच्यापेक्षा मोठं, सिलिंडर एवढा की आत माणूस उतरून साफ करतो... बोलताना त्याचे हात उडत होते. आणि मला एकाएकी भरून आलं. त्याच्या शर्टाची बाही धरून मी म्हटलं, "नको ना जाऊ."

तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडं पाहिलं. मग अगदी हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणाला, "नको ना जाऊ."

मला वाटलं, खेळ. मी त्याच्या दंडावर चापट मारली, डोळे पुसले आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन आला. जहाजाला नकार कळवला होता. क्रांती चौकात जनरेटरचं नवं शोरूम निघालं होतं, तिथं नोकरी धरली होती. आणि स्टेशनला यायच्या आधी अप्पांच्या पाया पडून आला होता.

*

सगळं कसं सुरळीत झालं. अप्पा खूश, काकू खूश, मायनं साड्या बघायला सुरुवात केली. अक्षय तृतीयेला सुपारी फोडायचं ठरलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. रात्री उशीवर डोकं टेकलं की मनात यायचं, आता हा कुठं जात नाही. मला त्याचं फार समाधान वाटायचं.

मग एका दुपारी मी त्याला भेटायला क्रांती चौकात गेले. काचेचं दार, एसी, विश्वजितच्या गळ्यात टाय. समोर एक बिल्डर बसलेला, आणि मध्ये बंद डब्यातला एक जनरेटर.

"आवाजच नाही, साहेब," विश्वजित त्याला सांगत होता. "हीच आमच्या मशीनची खासियत. चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही."

बिल्डरनं डब्याला कान लावला आणि खूश होऊन मान हलवली. विश्वजितही हसला, तोंडभर. पण मी त्याला इतके रविवार बघत होते ना. त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलंच नाही.

म्हटलं, नवं आहे. रुळेल.

रविवारी स्टेशनला गेलो. त्या दिवशी नशीब जोरावर होतं. टू-स्ट्रोक आलं, आणि समोरची गाडी सोडायला म्हणून चांगलं उभं राहिलं. मी मोबाइल काढला आणि मागं वळून म्हटलं, "ऐक, आज टर्बो बघ कसा—"

तो बाकावर बसून मोबाइलमध्ये बघत होता. कुणा गिऱ्हाइकाला उत्तर लिहीत होता. इंजिन त्याच्यापुढं उभं राहून घुमत होतं आणि त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

पंख्यासमोरून मला पुढं सरकवणारा तो माणूस कुठं गेला? मी घालवला. मीच. अन् आता अक्षय तृतीया तोंडावर आलेली, अप्पा हो म्हणून बसलेले. गप्प बसले तर सगळं मिळत होतं, घर, लग्न, रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा. बोलले तर कदाचित काहीच उरणार नव्हतं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"स्टॉप," मी म्हटलं.

त्याचा अंगठा जागच्या जागी थांबला. "स्टॉप," तो म्हणाला.

"तू जहाज का सोडलंस?"

"तू ऑर्डर दिलीस."

"मी? कधी?"

"त्या कडुनिंबाखाली. 'नको ना जाऊ.' मी उत्तर दिलं होतं, सोनिया. तू ऐकलंस. रद्द केली नाहीस."

"अरे, ती काय ऑर्डर होती? लाडात बोलले होते मी. सगळ्याच मुली बोलतात. आणि त्यांचे ते लोक म्हणतात, 'वेडी आहेस का', आणि जातात."

"ते इंजिनरूममध्ये काम करत नसतील," तो म्हणाला. इतक्या साधेपणानं म्हणाला की मला हसावं की रडावं कळेना. मी त्याच्याशेजारी बाकावर बसले.

"बरं. पटलं होतं का तुला?"

"पटणं न पटणं ड्यूटी संपल्यावर."

"ड्यूटी संपली. सांग."

त्यानं मोबाइल खिशात टाकला. समोर इंजिन चालूच होतं.

"झोप लागत नाही," तो म्हणाला. "पायाखाली काही हलत नाही ना... मध्येच दचकून उठतो, वाटतं इंजिन बंद पडलं. मग आठवतं, इथं इंजिनच नाही. दिवसभर लोकांना सांगतो, आवाज नाही, आवाज नाही. परवा एकानं विचारलं, तुम्हाला आवाजाचा एवढा राग का. मी काय सांगू त्याला?" त्यानं टायची गाठ सैल केली. रविवारीसुद्धा टाय लावून आला होता, वेडा. "पण तूही हवीस. म्हणून म्हटलं, एक सोडू. तुला नाही सोडता येत."

"आणि मी कुणाच्या प्रेमात पडले, ते विचारलंस? बाटली रुळावर पाडणाऱ्याच्या. तो टायवाला माणूस चांगला आहे, पण मला त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही रे." आता मात्र मला रडू आलं. "तूच सांगितलंस ना, मोठ्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो. आधी थांबायचं, मग उलटं फिरवायचं. थांबलास ना? मग कंपनीला फोन कर."

"आणि अप्पा?"

"अप्पांचं मी बघते. फोन कर."

"फोन कर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हलका झाला होता की मला तिथंच उत्तर मिळालं.

गाडीला सिग्नल मिळाला. इंजिनानं सूर चढवला. विश्वजितनं मान कलती केली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "टर्बो... आज एकदम झकास आहे."

*

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. अप्पा नुकतेच टँकर लावून बाजेवर टेकले होते.

"काका, मी परत जहाजावर जातोय," त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग सुपारी कामून फोडायची?"

मी मध्ये पडणार तोच अप्पांनी हात वर केला. त्यांना माझं ऐकायचं नव्हतं. मग त्यांनी, बहुतेक विषय कायमचा मिटवायला म्हणून, विचारलं, "एवढ्या लोकायला दर्यात प्याया पाणी कुठून न्येता? समदं खारंच की."

"थोडं नेतो, काका. बाकीचं इंजिन बनवतं."

"काय बनवतं?"

"पाणी. गोडं पाणी. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरवतात, ते कढत होतं. त्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं. वाफ वर जाते, मीठ खाली राहतं. वाफ थंड केली की झालं पाणी."

अप्पा ताठ बसले. "दिसाला किती?"

"तुमचे दोन टँकर निघतील."

"फुकट?"

"इंजिन चालूच असतं ना. जी उष्णता वाया जायची, तिच्यावर."

माझ्या वडलांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पहाटेपासून विहिरीवर लायनीत उभं राहणारा माणूस. त्यांनी आपल्या टँकरकडं पाहिलं, मग विश्वजितकडं.

"बस की, उभा कामून," ते म्हणाले. "ती वाफ थंड कशी करता? समदं सांग."

तो बसला, आणि जमिनीवर काडीनं आकृती काढायला लागला. माझी माय, साळूबाई, चहा घेऊन आली ती दारातच थांबली. दोघं पुरुष धुळीत डोकं घालून बसलेले. आकृती पूर्ण झाली तसे अप्पा भानावर आले आणि पुन्हा त्यांचं तोंड उतरलं.

"हे समदं खरं. पण सा महिने पोरगी एकटी..."

"आन् म्या काय दुकटी हाय व्हय?" माय म्हणाली. कप तिनं जरा जोरातच ठेवले. "त्यो सा महिने जाईल तं सा महिने घरी तरी राहीन. तुमचं तोंड म्या कधी पाहते? झुंजूमुंजू झालं की टँकर, दिवेलागणीला येऊन घोरता. तुमच्यापरीस दर्यावाला बरा."

अप्पांनी चहाचा घोट घेतला. अजून एक घेतला.

"सुपारी ठरल्या दिशी फोडायची," ते म्हणाले. "पर जहाजावरून त्या पाण्याचा फोटू धाडायचा."

*

अक्षय तृतीयेला सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात तो निघाला. दुपारची मुंबईची गाडी. मोठ्या स्टेशनवर सोडायला दोन्ही घरं आली होती. दमयंतीकाकूंनी डबा दिला, अप्पांनी टँकरच्या पाण्याची बाटली दिली आणि बजावलं, "नमुना म्हणून ठेव." मग मायनं डोळ्यांनी खुणावलं आणि सगळ्यांना एकदम पुस्तकांचा स्टॉल बघायचा होता असं निघालं.

आम्ही दोघं डब्याच्या दाराशी. तो पायरीवर, मी खाली.

"सेकंड इंजिनिअर झालो की घरच्यांना जहाजावर नेता येतं," तो म्हणाला. "परीक्षा या फेरीनंतर आहे. तुझ्या रिंगा जिथं जातात, तिथं तुला उभी करतो. पायाला कळेल."

"बघू," मी म्हटलं. मग त्याच्या शर्टाची बाही नीट केली. "जा."

"जा," तो म्हणाला.

"नीट जेव."

"नीट जेव."

"परत ये."

"परत ये." त्याचे डोळे भरले होते, पण ओठ हसत होते. "झाल्या ऑर्डरी?"

"एक तक्रार आहे," मी म्हटलं. "अप्पांनी ठरवलं, काकूंनी ठरवलं, मायनं तारीख काढली. सुपारीसुद्धा फुटली. मला मात्र कुणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही."

शिट्टी झाली. तो एकदम पायरीवर खाली वाकला, त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

"मग आज वरून मी," तो म्हणाला. "खालून उत्तर द्यायचं. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

त्यानं माझं मनगट धरलं. दोन बोटं नाडीवर.

"माझ्याशी लग्न कर," विश्वजित म्हणाला.

ऑर्डर जशीच्या तशी परत म्हणायची असते. उत्तर जाईपर्यंत घंटी वाजत राहते, आणि माझ्या मनगटात ती किती जोरात वाजत होती ते त्याला कळतच होतं. गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालू लागले आणि भर फलाटावर, हमालांच्या आणि पुस्तकांच्या स्टॉलमागून डोकावणाऱ्या माझ्या सगळ्या खानदानाच्या देखत, मोठ्यानं उत्तर दिलं.

"माझ्याशी लग्न कर."

मोबाइल माझ्या पर्समध्येच होता. पुढं इंजिन लागलेलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत निघालं, चांगलं सूर चढवत गेलं असणार. ते टू-स्ट्रोक होतं की जुन्या जातीचं, हे विश्वजित मला अजून चिडवून विचारतो, आणि मला अजून सांगता येत नाही.